सगळी खालीच

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. संध्याकाळी अण्णा खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत बसून माझ्या फोनवर तबला ऐकत होते. तीनताल, मध्यलय, कुणीतरी निवांत ठेका धरलेला. मी शेजारी भाजी निवडत होतो. अण्णांचा उजवा हात मांडीवर टाळी देत होता. पहिली टाळी, दुसरी टाळी, मग नवव्या मात्रेला खाली येते, हात उलटा व्हायला हवा, तिथं तो हवेत थबकला. परत पहिल्यापासून सुरुवात. परत तिथंच थबकला. चार-पाच आवर्तनं असं झालं. मग त्यांनी फोन कानाजवळ नेला, लांब धरला, उलटा करून बघितला आणि मला विचारलं, "याला डग्गा नाही का रे? सगळी खालीच वाजवतोय हा."

डग्गा, म्हणजे डाव्या हाताचं वाद्य, होता. मला नीट ऐकू येत होता.

एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचं बोलणं म्हणून मी ते सोडून दिलं असतं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य उलगडत गेलं. धा म्हणजे दोन हातांचं काम. उजव्याचा ना आणि डाव्याचा गे एकाच वेळी पडले की धा होतो. त्यातला डावा हात काढून घ्या, धा चा ता होतो, धिं चा तिं होतो. तीनतालात खालीच्या धा नंतर, दहाव्या मात्रेपासून, डावा हात मुद्दाम गप्प बसतो, तिं तिं ता, ता, आणि तो गप्प बसतो म्हणूनच बाकीच्या मात्रांना भरी म्हणायचं. आता डावा हात सोळाच्या सोळा मात्रा ऐकूच आला नाही, तर कानावर पडणार ता तिं तिं ता, ता तिं तिं ता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खाली शोधायची तर भरी लागते. अण्णा अगदी नेमकं बोलले होते.

फोनचा स्पीकर आपल्या नखाएवढा. डग्ग्याचा खर्ज शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली. तेवढी हवा हलवायला पडदाच नाही तर तो आवाज येणार कुठून? मला तो ऐकू येत होता, कारण खर्जाचे वरचे पडसाद फोनमधून येतात आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून घेतो. अण्णांच्या मेंदूला तो आधारही उरलेला नाही. मागच्या वर्षी त्यांचे कान तपासले होते, तो कागद मी कपाटातून काढला. आलेख डावीकडे २५० हर्ट्झला सुरू होतो, तिथं रेघ चांगली वर आहे. ५०० ला ठीक, १००० पर्यंत ठीक. २००० पासून ती जिना उतरावा तशी उतरत जाते आणि ४००० ला पार खाली. वयाबरोबर कान वरच्या बाजूनं झिजतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण कागद बघताना मला दुसरंच दिसलं. डग्गा त्या कागदावरच नाही. तो डाव्या समासाच्याही डावीकडे आहे, आणि त्या बाजूला अण्णांचे कान अजून धडधाकट आहेत. फोन जे देतो ते त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि त्यांना जे ऐकू येतं ते फोन देत नाही. दीड वर्ष आम्ही त्यांच्या हातात तो फोन देऊन "ऐका की, सगळं आहे त्यात" म्हणत होतो.

सकाळी उठून मी आईला सांगितलं, अण्णांसाठी स्पीकरची पेटी करायची. विकत का नाही, असं तिनं विचारलं. बाजारातल्या लहान पेट्या मी ऐकल्या होत्या. चांगल्या आहेत, पण खर्ज दाखवायला त्यांना एकच जागा फुगवावी लागते, सगळ्याला सारखाच घुमारा येतो. मला डग्गा हवा होता. अण्णांनी खोलीतून फक्त "पेटी" एवढंच ऐकलं आणि विचारलं, "कितीची? साडेतीन सप्तकांची घे." आमच्याकडे पेटी म्हणजे बाजाची पेटी, दुसरी कुठली पेटी असते?

अण्णा मिरजेजवळच्या आमच्या गावात भजनी मंडळात चाळीस वर्षं वाजवायला होते. पखवाज त्यांचा खरा, पण पेटीवाला बुवा आला की तबलाही धरायचे. सप्ताहात देवळाच्या शिखराजवळ कर्णा बांधलेला असायचा. आमचं घर तिथून चारेकशे पावलांवर. रात्री जेवून मी निघायचो तेव्हा अंगणातच कर्ण्यातून टाळ ऐकू यायचे, बुवांचा आवाज यायचा, पखवाजाची उजवी बाजू टणटण यायची. डावी यायचीच नाही. कर्ण्याच्या त्या पत्र्याच्या नळीतून खर्ज बाहेर पडतच नाही. मग देवळाची पायरी चढून मंडपात पाऊल टाकलं की एकदम पायाखालच्या फरशीतून, पोटातून तो आवाज वर यायचा. धूम. माझ्यासाठी भजन तिथून सुरू व्हायचं. लहानपणी मला वाटायचं की अण्णा मी आत आल्यावरच डाव्या हातानं वाजवायला लागतात.

भजनाआधी अण्णा परातीत मूठभर कणीक भिजवायचे. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, बोटाला चिकटेल अशी. ती पखवाजाच्या डाव्या तोंडावर मधोमध थापायची, थोडी काढायची, परत लावायची, वाजवून बघायचं. जितकी कणीक जास्त तितका आवाज खाली. भजन संपलं की ती खरवडून काढायची आणि पाट्यावर ठेवायची. वाळलेल्या कणकेचा तो आंबूस वास आणि खैराच्या खोडाला लावलेल्या तेलाचा वास एकत्र आठवतो मला.

डग्ग्याची पुडी सैल पडली की मिरजेला जायचं. सतारमेकर गल्लीत दुकानांच्या माळ्यावर वाळलेले भोपळे टांगलेले असतात, पंढरपूरच्या बाजूला भीमेकाठी पिकवलेले, माणसाच्या कवेत मावणार नाहीत एवढे. अण्णा तिथं उगाच थांबायचे, विचारून एखादा भोपळा हातात घ्यायचे, बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावायचे. "बोलतोय," म्हणायचे, नाहीतर काहीच न बोलता परत ठेवायचे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली, तेव्हाही त्यांनी हवेत दोन बोटांनी टकटक केली होती.

स्पीकर आणायला पुण्यातल्या बुधवार पेठेत गेलो. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत वायरी, कंडेन्सर, सोल्डरच्या धुराचा वास. दुकानदार भला होता, पण त्याचा प्रश्न एकच, किती वॉटचा? वॉट म्हणजे स्पीकर न जळता किती सोसेल तो आकडा. पेटीचं माप त्यावरून निघत नाही. माप काढायचं तर तीन गोष्टी कळाव्या लागतात: स्पीकरचा पडदा मोकळा सोडला तर स्वतःहून कुठल्या वारंवारितेला डोलतो, तो डोलणं किती लवकर थांबवतो, आणि त्याच्या लवचीकपणाच्या तोडीस तोड हवा किती लिटर. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे गणित मांडलं. त्याआधी बरेचसे पेटी बनवणारे अंदाजानंच कापत होते. मी आठ इंची कागदी पडद्याचा स्पीकर आणि वरच्या सुरांसाठी एक लहान ट्वीटर घेतला. कागदपत्र काहीच मिळालं नाही. म्हणजे मोजणं माझ्याकडेच आलं.

ते मोजणं मला कायम लक्षात राहील. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर स्पीकर दोन वाट्यांवर आडवा ठेवला, एक हजार ओहमचा रेझिस्टर मध्ये घालून अॅम्प्लिफायर जोडला आणि लॅपटॉपवरून एकेक हर्ट्झ चढवत गेलो. हर्ट्झ तीस, पस्तीस करत गेले तसा मल्टिमीटरचा आकडा वर चढला, ३८ ला सगळ्यात उंच गेला, मग उतरायला लागला. पडदा ३८ हर्ट्झला डोलत होता. त्याच चढउताराच्या रुंदीवरून दुसरा आकडा निघाला, ०.४२. तिसऱ्यासाठी पडद्यावर ठरावीक वजन चिकटवून परत मोजायचं असतं. मी मुलीच्या खेळण्यातली माती शोधत होतो. अण्णा काठी टेकत आले, बघत उभे राहिले आणि विचारलं, "वजन कशाला?"

"पडदा जड झाला की खालच्या सुरात डोलतो. किती खाली गेला त्यावरून कळतं."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की एवढं सोपं मला इतक्या उशिरा कसं कळलं. मग ते आईला म्हणाले, "जरा कणीक दे."

आईनं पोळ्यांच्या कणकेतून गोळा तोडून दिला. तराजूवर पंधरा ग्रॅम मोजली. पडदा भिजू नये म्हणून मी मध्ये पातळ प्लॅस्टिक घातलं. अण्णांनी कणीक स्वतः लावली, मधल्या टोपीभोवती गोल, अंगठ्यानं कडा दाबत, जशी चाळीस वर्षं लावली तशी. त्यांचा हात एरवी थरथरतो. तेव्हा थरथरला नाही. परत हर्ट्झ चढवले. या वेळी आकडा ३० लाच उंच गेला आणि उतरला. ३८ वरून ३०. त्यातून तिसरा आकडा आला, ४५ लिटर. अण्णांना आकड्यांशी काही घेणं नव्हतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून तो हलताना बघितला आणि म्हणाले, "उतरला की." कणीक काढून त्यांनी सवयीनं ताटलीच्या कडेला ठेवली.

आता पेटी. पेटी लागते कशाला, हे मी घरात सगळ्यांना समजावत होतो आणि समजावता समजावता मलाच ते नव्यानं जाणवत होतं. पडदा पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची ताणली जाते. वरच्या सुरांत हे चालून जातं. पण चाळीस हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब, आमच्या हॉलच्या दुपटीहून जास्त. ती स्पीकरच्या कडेवरून सहज वळसा घालते, पुढची आणि मागची एकमेकींना भेटतात आणि दोघीही संपतात. उघडा स्पीकर म्हणूनच चिरका वाजतो. गावाकडे मडक्याच्या तोंडावर स्पीकर पालथा घालून ठेवायचे, ते याचसाठी. मागचा अर्धा आवाज मडक्यात कोंडला की पुढचा अर्धा मोकळा होतो. अण्णांच्या तरुणपणी आमच्या घरात जो लाकडी रेडिओ होता, १२५१ किलोहर्ट्झवर सांगली केंद्र लागायचं, त्याची मागची बाजू भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची होती, म्हणजे जवळजवळ उघडीच. पण कॅबिनेट हातभर रुंद होतं, लाटेला वळसा लांब पडायचा, म्हणून त्यात डग्गा बऱ्यापैकी यायचा. अण्णा "रेडिओत यायचा की" म्हणतात, ते आठवणीमुळे गोड झालेलं बोलणं नव्हे, ते खरंच आहे.

पेटी बंद करायची की तिला नळीचं तोंड ठेवायचं, यावर मी चार रात्री घालवल्या. नळी ठेवली तर त्या नळीतली हवा बाटलीवर फुंकल्यासारखी घुमते आणि त्याच आकाराच्या पेटीतून आणखी खालचा खर्ज निघतो. मोह होतोच. पण नळीतली हवा एकदा डोलायला लागली की पडदा थांबला तरी ती लगेच थांबत नाही. डग्गा म्हणजे नुसता घुमारा नव्हे. गे वाजवून मनगट पुडीवर दाबत पुढे सरकवलं की स्वर वर चढतो, आणि तळहात टेकला की जागच्या जागी मरतो. ते मरणं ऐकू आलं पाहिजे. विसर्जनाच्या मिरवणुकीत भिंतीएवढे डीजे लावतात, खिडकीच्या काचा थरथरतात, छातीत धडधडतं, पण एक ठोका संपून दुसरा कधी सुरू झाला ते कळत नाही. अण्णा त्या दहा दिवसांत गॅलरीचं दार लावून बसतात. मी बंद पेटी ठरवली. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत दाखवून दिलं होतं की आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करू शकते, लहान पेटीतूनही स्वच्छ खर्ज निघतो. शेजारच्या घरात आजी आहेत, भिंत एकच आहे, खर्ज भिंतीला जुमानत नाही, हाही विचार होताच.

माझे तीन आकडे गणितात घातले आणि उत्तर आलं साडेचोवीस लिटर. तेवढ्या हवेत हा पडदा ६४ हर्ट्झपर्यंत इमानदारीनं उतरेल, त्याखाली हळूहळू मावळेल. डग्ग्याला पुरेल. स्पीकरचं चुंबक आणि आतली आडवी पट्टी जागा खाणार, म्हणून आतून २४ बाय २७ बाय ४० सेंटीमीटर, म्हणजे सव्वीस लिटरला थोडी कमी. अठरा मिलिमीटरचा एमडीएफ. सांधे हवाबंद, आत पिंजलेला कापूस. आणि पेटी एकच. स्टिरिओचा विषय मी काढला होता, तेव्हा अण्णा म्हणाले, "वाजवणारा एकच आहे ना? मग दोनीकडून कशाला?" मला ते पटलं. देवळाच्या मंडपात डावीकडे-उजवीकडे असं काही नव्हतं, एक माणूस एका जागी बसलेला होता.

ती जागा घरात कुठं असावी, हे शोधायचीही एक रीत आहे. स्पीकर ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा आणि आपण खोलीभर रांगत फिरायचं. जिथं खर्ज भरीव आणि सुटा ऐकू येईल, तिथं मग स्पीकर ठेवायचा. जाणारी आणि येणारी वाट सारखीच असते. रविवारी दुपारी मी जुना स्पीकर अण्णांच्या खुर्चीवर ठेवला, तोच तीनताल लावला आणि भिंतीकडेनं गुडघ्यांवर फिरलो. खोलीच्या मधोमध डग्गा जवळपास नाहीसा होत होता. दाराच्या कोपऱ्यात तो इतका सुजला की तबलाच बुडाला. आणि गॅलरीच्या भिंतीशी, कोपऱ्यापासून हातभर अलीकडे, एकदम जागेवर आला. गोल, कोरडा, मोजता येणारा. तिथं आईचं शिवणयंत्र आहे, पायाचं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी घेतलेलं, त्यावर आमचे दोघा भावंडांचे शाळेचे गणवेश शिवले गेले. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "माझं मशीन हलायचं नाही. मला उजेड तिथंच येतो." मी परत रांगलो. यंत्राच्या अलीकडे दोन फुटांवर डग्गा थोडा पातळ, पण सुटा होता. तिथं ठरवलं. आईनं यंत्रावरचं झाकण थोडं सरकवून दिलं. मला ती पहिली जागा अजूनही डोळ्यांसमोर दिसते, पण तिचा उजेड तिचाच आहे.

काल मिस्त्रींकडून फळ्या कापून आल्या. सहा मोठ्या आणि आत बसवायची एक पट्टी, लाकडाच्या भुश्याचा कोरडा वास. मी त्या भिंतीला टेकवून ठेवल्या. अण्णा खुर्चीतून उठले, खाली बसायला त्यांना वेळ लागतो, पण बसले, आणि सगळ्यात मोठी फळी मांडीला टेकवून बोटाच्या पेरानं ठोकली. टक. थोडं सरकून परत ठोकली. मधोमध आल्यावर डम्म असा आवाज आला.

"बोलतोय," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडावर आनंद होता. मिरजेच्या माळ्याखाली असायचा तोच.

मला क्षणभर काय बोलावं कळेना. मग मी त्यांना सांगितलं की हीच अडचण आहे. पखवाजाचं खोड बोलायला हवं, भोपळा बोलायला हवा, पण या पेटीनं बोलायचं नाही. तिनं स्वतःचा एक शब्द घातला तर वाजवणाऱ्याचा डग्गा राहणार नाही, लाकडाचा होईल. म्हणून आत आडवी पट्टी ठोकायची, फळीला गप्प करायला. जन्मभर बोलकं लाकूड शोधलेल्या माणसाला हे सांगताना माझ्याच पोटात कालवलं.

अण्णा बराच वेळ फळीवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "पट्टी कुठं लावणार?"

मी नकाशा दाखवला. चाळीसच्या मधोमध, वीस सेंटीमीटरवर रेघ होती.

"मधी नको," ते म्हणाले. "मधी लावलीस तर दोन्ही अर्धे सारखेच बोलतील. डग्ग्याची शाई मधी असते का कधी?"

नसते. पुडीवरचा तो काळा गोल एका कडेकडे सरकलेला असतो. आणि पेटीच्या गणितातही हेच सांगतात, की पट्टी मधोमध घालू नये, फळीचे दोन असमान तुकडे पडले पाहिजेत, म्हणजे त्यांचे सूर एकमेकांना साथ देत नाहीत. मी ते कुठंतरी वाचलं होतं आणि नकाशा काढताना विसरलो होतो.

मी पट्टी उचलून फळीवर घट्ट दाबून धरली, अण्णा ठोकत गेले. वीसवर डम्म थोडं उरलंच होतं. एकोणीस. अठरा. प्रत्येक वेळी ते डोळे मिटून ठोकायचे आणि मान हलवून पुढे सरकवायला सांगायचे. सतराच्या जरा अलीकडे आवाज एकदम कोरडा झाला, दगडावर ठोकल्यासारखा. त्यांनी परत ठोकलं. परत.

"हां. गप्प बसला."

मी दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरली होती, म्हणून पेन्सिल त्यांनीच घेतली. रेघ थोडी वाकडी आली आहे. मिस्त्री शनिवारी दहाला येणार आहेत, तोपर्यंत ती फळी आईच्या यंत्राला टेकून उभी आहे.